क्रेनवाले पप्पा

काशीमीऱ्याच्या बसस्टॉपवर माझ्या पुढे बापलेक उभे होते. तिच्या अंगावर शाळेचा गणवेश, त्याच्या हातात पिवळं हेल्मेट.

"पप्पा, परत ऐका. क्रेन म्हणजे करकोचा, लांब मानेचा पक्षी."

"आणि आमचं मशीन?"

"त्याची मान तशीच दिसली, म्हणून त्याला पक्ष्याचंच नाव पडलं. आणि कोणी मान लांब करून बघितलं, तरी इंग्लिशमध्ये क्रेनच म्हणतात."

"बारा वर्षं चालवतोय, मला कोणी सांगितलं नाय."

"आज वर्गात पालकांचं काम सांगायचंय ना, मी शब्द सांगणार, तुम्ही मशीन."

"पंचशीला, हेल्मेट घेऊन तूच जा. चाळीस पोरांसमोर बोलायचं, ते पण इंग्लिशमध्ये? नाय जमणार."

"साइटवर कोणाशी बोलता तुम्ही?"

"कोणाशीच नाय. मी वर केबिनमध्ये, त्यात एवढा आवाज. खालून सिग्नलवाला हात करतो, तसं मी चालवतो."

"हात करतो म्हणजे कसा?"

"बोट वर करून गोल फिरवलं की हूक वर घ्यायचा. हात लांब करून अंगठा वर केला, की बूम, म्हणजे मशीनची ती मान, वर."

"आणि थांब?"

"हात आडवा, पंजा खाली, असा हलवायचा."

"मग हेच करून दाखवा. बोलेन मी."

"नुसते हात करायचे?"

"हो."

"आणि पोरं हसली तर?"

"थांबचा सिग्नल द्या."

तेवढ्यात बस आली. दोघांनी एकदमच हात आडवे केले, पंजे खाली.

"बघा पप्पा, ड्रायव्हरला पण कळलं!"