किनाऱ्याचं मागणं

जुवैना : चोर आहेत ते. सांग तुझ्या मस्कतच्या साहेबांना, जुवैनानं चोर म्हटलंय. आम्ही सगळे मयताला गेलेलो, तेवढ्यात वाळूत कुंपणाचे लोखंडी खांब रोवून गेले.

खलफान : आत्या, जरा सबुरीनं. मी त्याच कचेरीत नोकरी करतो. आणि बंदराला गावानंच होकार दिलाय.

शम्सा : गावानं म्हणजे पुरुषांनी. त्यांना बंदरावर पहारेकऱ्याच्या नोकऱ्या लागणार. तारली मासळी वाळूवर वाळवतो आम्ही बायका, उंटवाल्यांना विकतो आम्ही. आम्हाला कुठल्या सभेला बोलावलं रे?

खलफान : नवी घरं मिळाली ना, शम्सामावशी? आत गारवा, नळाला पाणी.

शम्सा : मिळाली की. समुद्रापासून इतकी लांब, की मासळी पोचेपर्यंत किडे पडतात. माझ्या जावेनं गच्चीवर पसरली, तर तुमचा माणूस नाकाला रुमाल लावून दम देऊन गेला. घाण येते म्हणे.

जुवैना : याच घाणीवर हा शिकला. शाळेत जायचा तेव्हा सदऱ्याला हाच वास होता.

खलफान : मी कुठं नाही म्हणतो? पण तेल निघालं नसतं तर ती शाळा तरी आली असती का? माझी आई कशी गेली? रस्ता नाही, दवाखाना नाही, अडलेल्या बाईला उंटावर घालून नेलं. तू होतीस तिच्यासोबत.

जुवैना : होते. तिचं डोकं माझ्याच मांडीवर होतं. म्हणून तर रस्त्याची माणसं आली तेव्हा मी त्यांना भात रांधून घातला. दवाखान्याला जागा हवी होती, तुझ्या आजोबांनी खजुराची बाग देऊन टाकली. त्या वेळी मागायला माणूस आला होता. याच चटईवर बसला, मुलाबाळांची चौकशी केली, मग जागेचं बोलला. देश मोठा होऊ नये असं मी कधी म्हटलंय?

खलफान : मग मीही रीतीनंच मागतो.

(खलफान कहव्याचा भरलेला पेला तसाच वाळूत अंथरलेल्या चटईवर ठेवतो.)

शम्सा : लबाड मेला. जुवैना, विचारू नकोस.

खलफान : पाहुण्यानं पेला न पिता खाली ठेवला, की यजमानानं मागणं विचारायचं आणि पुरवायचं. आपल्या घरातून कुणी रिकाम्या हातानं गेलं नाही, हे तूच मला सांगत आलीस.

शम्सा : याच्या बापानं असा पेला ठेवला होता तो खुनाची माफी मागायला. आणि हा बघा, कुंपणासाठी.

जुवैना : थांब गं. दारी आलेल्याला न विचारता बसवून ठेवणारी मी नव्हे. बोल, खलफान, काय मागतोस?

खलफान : किनारा सोड. या बायका तुझ्याकडे बघून बसल्यात. तू उठलीस की त्याही उठतील. उद्या यंत्रं येतील. तेव्हा तू वाळूत बसलेली असलीस, तर पोलिसांना मलाच बोलवावं लागेल. ते माझ्या हातून करवून घेऊ नकोस.

जुवैना : किनारा तुला हवाय?

खलफान : मला काय करायचाय?

जुवैना : म्हणजे दुसऱ्यासाठी मागायला आलास. तीही रीतच आहे. तुझा बाप खुनाची माफी मागायला गेला तेव्हा खून त्यानं केला नव्हता. पण ज्यानं केला त्याला शेजारी बसवून नेलं होतं, आणि पेला ठेवल्यावर त्याचं नाव घेतलं होतं. तू कुणासाठी आलास?

खलफान : कचेरीसाठी.

शम्सा : कचेरीला तोंड आहे का कहवा प्यायला?

खलफान : वरून हुकूम आलाय, मावशी.

जुवैना : वर कोण आहे?

खलफान : ते... तिथं समिती असते. विकासाची. माझ्या साहेबांच्या वर साहेब, त्यांच्याही वर कुणी. एवढ्या मोठ्या बंदराचा निर्णय एकट्याचा नसतो, आत्या.

जुवैना : बरं, खूप जणांचा असेल. त्यातला एक दे. हा किनारा ज्याला माझ्यापेक्षा जास्त हवाय असा एक माणूस. तो इथं नाही आला तरी चालेल. तू नुसतं त्याचं नाव घे, मी आत्ता उठते आणि या सगळ्यांना घेऊन जाते. रीत मोडणार नाही.

खलफान : जुवैनाआत्या...

जुवैना : माझं नाव नको घेऊस, ते मला ठाऊक आहे. त्याचं सांग.