टबातले गप्पी

दवाखान्यात लेकीच्या गालावरचे डासांचे चावे पुन्हा पुन्हा निरखत बसलेल्या आईचे कान शेजारच्या बाकाकडे लागले. तिथे तापाने कुडकुडणाऱ्या आजोबांना आजी धारेवर धरत होत्या.

“डासांच्या अळ्या खातील म्हणून टबात गप्पी मासे सोडलेत ना? मग डास कुठून आले?”

“अळ्या तशाच वळवळताहेत. मासे ढुंकूनही बघत नाहीत.”

“आजारी असतील बिचारे.”

“आजारी कसले! चांगले गरगरीत झालेत. खरं सांग, तू त्यांना काही घालतेस?”

“सकाळी बिस्किटाचा चुरा. चिमूटभरच हो! तोंडं वर करून बघतात, मला नाही राहवत.”

“अगं, भरल्या पोटी ते अळ्या कशाला खातील?”

“चिमटीभर चुऱ्यानं कुणाचं पोट भरतं? तुम्ही संध्याकाळी टबापाशी काय करत असता?”

“पाव घालतो. कडा काढून.”

“म्हणजे रोज माझ्या बशीत नुसत्या कडा येतात, त्या...”

“आजोबा, चला आत,” नर्सने हाक मारली.

“आजपासून त्यांचं खाणं बंद,” आजोबा उठत म्हणाले.

“बंद म्हणजे बंद!”

दारापाशी आजोबा थबकले. “आज सकाळी घातलंस ना?”

“तुमच्या तापाच्या गडबडीत राहिलंच की हो.”

“अरेरे! डॉक्टरांना म्हणावं, जरा लवकर आटपा.”