भाचीच्या लग्नातला कंडेन्सर

हॅलो?… हॅलो, कोण?… वैरागहून?… वन्सं व्हय! मी सोजर बोलतीया, स्टुडिओतनंच… तुमचे भाऊ? हायती की. आत फोटो धुत्यात… म्हंजे, बसल्यात नुसतं.

व्हय, वच्छीच्या लग्नाचे फोटो झाले… चांगले आलेत. पंगतीचे, वरातीचे… अंतरपाटाचा?… वन्सं, जरा ऐका की… व्याही मागत्यात?… ऐका तर.

तो न्हाई निघाला.

न्हाई, धुताना न्हाई बिघडला. काढताच आला न्हाई. फ्लॅश उडाला न्हाई वेळेवर… जुना बरा होता वो. पण मागच्या एका लग्नात कडंची माणसं काळी आली, म्हणून ह्यांनी रेडिओ दुरुस्तीवाल्या नबीसाबकडनं त्यात दुप्पट मोठा कंडेन्सर बसवून घेतला… कंडेन्सर. आत वीज साठून राहती त्यात… भाचीच्या मांडवात माणूस न् माणूस उजळ दिसला पायजे म्हणं.

हां, उजेड लई पडतोय. पण भरायला वेळ लागतोय की. तांब्या लगेच भरतोय, रांजण भरंल का?… भरला की लाल दिवा लागतोय, मगच उडतोय… आधी बघून घ्यायचं? कुटलं आलंय! घरी उडवून बघितलाच न्हाई. मी म्हणलं होतं. तर म्हणं, ह्याची भवानी वच्छीवरच करायची.

केली की, ती बोहल्यावर चढताना. पण शेवटच्या मंगलाष्टकाला तुमच्या व्याह्यांनी खुणावलं, आमचाबी काढा. न्हाई कसं म्हणायचं? तो काढला, अन् लगेच भटजीनं अंतरपाट ओढला. दिवा काय लागंना.

व्हय… तेच खातंय त्यांना. सख्खा मामा, भाचीच्या पाठीशी उभं राहायचं सोडून आपल्या जागी चुलतभावाला, महिपतीभावजींना उभं केलं, कशापायी तर फोटोपायी. ना मामा झाले, ना फोटोवाले. जेवणावर वासना न्हाई त्यांची.

एक निघालाय, दिवा लागल्यावरचा… अक्षता पडून गेल्यात. नवरा हार घेऊन उभा, अन् वच्छी त्याच्याकडं बघतच न्हाई. थेट मामाकडं बघतीया, डोळे भरून. ह्यांना तो बघवंना.

वन्सं?… रडू नका की… व्हय, चुकलंच. गेली वेळ काय माघारी येती का?

काय म्हणता?… पंचमीला?… वच्छीला आणायला मामानंच जायचं?… सांगते. आत्ता सांगते… काय? कॅमेरा?…

न्हाई वन्सं. तो मी कुलपात घालते. ठेवते.