पाठमोरा फोटो

१९६७ साल. नव्या तऱ्हेच्या नाचाच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन पाहून एक जोडपं शिवाजीनगरच्या बसरांगेत, गोदूबाईंच्या पुढे उभं होतं.

"त्या फोटोतली पाठमोरी बाई तूच ना, प्रतिमा?"

"हो, मीच."

"तेव्हा तर तू शिवणाच्या क्लासला जायचीस."

"क्लास सुटल्यावर जायचे."

"चोरून नाचायला?"

"नाचत नव्हतो हो. त्या नव्या नाचात आम्ही सगळ्या नुसत्या चालायचो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"नुसतं चालायला परवानगी कशी मागायची?"

"आणखी कोण कोण असायचं तिथे?"

"आज संध्याकाळी आम्ही पुन्हा चालणार आहोत. या की बघायला."

बस आली. प्रतिमा रांग सोडून प्रदर्शनाच्या हॉलकडे निघाली. नवरा बसच्या पायरीवर एक पाय ठेवून तिच्याकडे बघत राहिला.

"अण्णा, चढता की उतरता?" गोदूबाईंनी विचारलं.