अक्कानं कापलेला टायर

माझं नाव बिरा, गाव म्हसवडच्या अलीकडं, माळावरचं. आमी मूळची मेंढरं राखणारी माणसं. आजा मेंढरांमागं चालत पार कोकणात उतरायचा, आन् मी त्याच लोकरीची घोंगडी मोटरसायकलीला बांधून वाई, सातारा, महाबळेश्वर इकत फिरतो, तुमच्या दारात आलो ती हीच गाडी, आज्जी. मागं गठ्ठा आन् गठ्ठ्याच्या म्होरं बायको, हौसा, कारण माल खपवायचं त्वांड तिचं, माझं न्हाई.

काय सांगू तुमाला, त्या गाडीचा मागचा टायर वरसात गोटा व्हायाचा, नक्षी पुसून पार गुळगुळीत. नवा टायर घितला की हौसाची दिवाळीची साडी गेली, आसं दोन वरसं झालं. तवा ठरवलं, ह्या बारीला जुनाच टायर घालायचा. साताऱ्यात एक अक्का हाय, नवऱ्यामागं टायरचं दुकान तीच चालवती. मजुरी वाचंल म्हणून चाक घरीच खोललं, पोत्यात घातलं आन् यष्टीनं न्हेलं, तर कंडक्टर म्हणतो, आवं मामा, ह्याचं अर्धं तिकीट काढा की, कसं मांडी घालून बसलंय बघा.

दुकानात ढिगावर एक जुना टायर लय झ्याक दिसला, नक्षी खोल, किंमत निम्मी. म्हणलं अक्का, ह्योच दे. तिनं उजेडाला धरून दाबला, तर बाजूला बारीक बारीक चिरा. म्हणली, दादा, ह्यो मी इकत न्हाई. म्हणलं, मला चालत्यात चिरा. तिनं इचारलं, मागं कोण बसतं? म्हणलं, बायको. मंग तिला घिऊन या, म्हणली, घाटात पावसाचा ह्यो फुटला तर चालंल का, तिला इचारू. मला राग आला, आज्जी. म्हणलं, तू आज न्हाई दिलास तर उद्या कुणाला तरी देशीलच की, मंग मलाच दे. अक्कानं सुरी घितली आन् त्या टायरची बाजू माझ्या म्होरं कापली. आपला इकायचा माल, आज्जी, तिनं कापला. म्हणली, आता कुणालाच न्हाई.

मी खाली बसलो. तिनं चहा मागवला आन् माझा गोटा टायर हातात फिरवला. एकाच कडंनं खाल्लाय ह्यो, म्हणली, हवा कवा बघता? म्हणलं, हवा जाऊन चाक बसल्यावर. ती हसायलाच लागली. वझं येवढं, हवा कमी आन् चाक तिरकं, मंग टायर काय करंल? चेन ताणताना चाकाच्या दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या धरा, म्हंजी चाक सरळ ऱ्हातं, आठवड्याला गाडी थंड आसताना हवा बघा, म्हणली, नवा टायरच तुमाला सस्तात पडंल. नवा घितला. बसवायची मजुरी काय तिनं घितली न्हाई.

त्याला आता तिसरं वरीस. त्या पावसाळ्यात घाट किती बारी चढलो-उतरलो, काय म्हणून काय झालं न्हाई, हेच सांगायचं हाय मला. औंदाच्या दिवाळीला साड्या दोन घितल्या, एक हौसाची, एक अक्काची. अक्का म्हणली, व्हय वं दादा, टायरच्या दुकानात साडी? आन् लगीच घडी मोडून खांद्यावर टाकून बघितली.

हौसाला मी समदं खरं सांगितलं, लपवलं न्हाई. तवापासून गाडीवर बसायच्या आदी ती अंगठ्यानं टायर दाबती आन् इचारती, बसू का रं? माझ्याकडं बघत पण न्हाई, त्यालाच इचारती. बसू दे की, आज्जी. तुमची नातवंडं लांब हायत म्हणता, त्यांच्या गाडीमागं बसणारं माणूस बी आसंच सुखरूप घरी येऊ दे.