मुरलेली भाजी

आजोबा : साइटसीइंग हा शब्द झाला. आता डोळे मिट आणि समज हं चिमणे, रस्त्यात दोन सायकली धडकल्या आणि तू ते स्वतः पाहिलंस. मग इंग्रजीत तू कोण?

चिमणी : आयविटनेस.

आजोबा : शाबास! डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार. आता वाक्य कर. आधी मराठीत. शब्द कळला की इंग्रजी मागून येतं.

चिमणी : आत्या खानावळीतल्या गिऱ्हाइकांच्या उष्ट्या ताटांतली भाजी परत पातेल्यात टाकते, त्याची मी आयविटनेस आहे.

आजोबा : ई! वाक्य करायचं म्हणून काहीही किळसवाणं जोडू नये.

चिमणी : जोडलं नाही. काल दुपारी मी मोरीपाशी होते. आत्या चमच्याने ताटं खरवडत होती. एका ताटातल्या भाजीत कुणाचा तरी केस होता. तो तिने काढला.

आजोबा : मग?

चिमणी : केस टाकला. भाजी ठेवली.

आजोबा : शी, शी, शी!

चिमणी : संध्याकाळी तीच गरम करून वाढली. तुम्ही म्हणालात, आज काय मुरलीय भाजी!

आजोबा : अगं, मग बोलली का नाहीस?

चिमणी : खुणावलं की! तुम्ही म्हणालात, जेवताना चाळे करू नयेत.

आजोबा : पाणी दे.

चिमणी : घ्या. पुढचा शब्द आयवॉश, म्हणजे डोळ्यांत धूळफेक ना? आपल्या दारावरची ‘ताजे अन्न’ ही पाटी आयवॉश आहे. बरोबर?

आजोबा : बरोबर आहे बाई. दुर्दैवाने.

आत्या : संपली का शिकवणी? गिऱ्हाइकं येऊन बसलीत. चिमणे, वाढायला चल.

आजोबा : थांब. आजच्या भाजीत कालचं उष्टं आहे?

आत्या : कुणी सांगितलं? हिने? चोंबडी कुठली!

आजोबा : तिला कशाला बोलतेस? आहे की नाही?

आत्या : आहे थोडं. बाबा, लोक भरमसाट घेतात आणि बोटही लावत नाहीत. उकळलं की सगळं मरतं.

आजोबा : तुझी लाजही मेली त्यात! दुसऱ्याच्या तोंडातलं लोकांना घालतेस? बापालासुद्धा?

आत्या : हळू बोला, बाहेर ऐकू जाईल. खानावळ बंद पडली तर आपण तिघं खाणार काय? आजचा दिवस जाऊ द्या. उद्यापासून नाही करणार, तुमची शपथ.

आजोबा : आजचाच दिवस म्हणतेस?

आत्या : आजचाच.

आजोबा : हं... बघ बाई.

चिमणी : आजोबा, शेवटचा शब्द राहिला. ओव्हरलुक म्हणजे काय?

आजोबा : डोळ्यांदेखत घडतं आणि आपण... आपण पाहिलंच नाही असं दाखवायचं.

चिमणी : त्याचं वाक्य तुम्ही करा ना.

आजोबा : नको गं. मलाच माझी किळस यायला लागलीय.

आत्या : पुरे झाले तुमचे शब्द! चिमणे, हे पातेलं धर. हसून वाढ.

(चिमणी पातेलं घेऊन बाहेरच्या खोलीत गिऱ्हाइकांपुढे जाते आणि ते जमिनीवर ठेवते.)

चिमणी : काका, ताट मागे घ्या. ही भाजी मी वाढणार नाही. का ते सांगते.