तुमच्या घरासकट?

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, काउंटी कमिशनर मा. लुएला प्रुइट; आपल्या, चुकलो, तुमच्या लॉरेल फोर्ड शहराचे पहिले महापौर आणि माझ्या पत्नीचे मामेभाऊ मा. ड्वेन किचन्स, एकतीस वर्षं काउंटीच्या नकाशा विभागात खाली मान घालून काम केलेल्या आजच्या सत्कारमूर्ती मिस व्हर्डेल टेट, आणि एक कान माझ्याकडे व दोन्ही डोळे केळ्याच्या पुडिंगकडे लावून बसलेल्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझी पत्नी लोरीन पहिल्याच रांगेत मनगट वर करून बसली आहे, तेव्हा वेळेची काळजी नसावी. काहींना प्रश्न पडला असेल, मिस व्हर्डेलच्या निरोपाला हा रॅन्डल हॉलोमन कशाला बोलतोय? खिळे-बिजागऱ्या विकणाऱ्या माणसाचा नकाशाशी काय संबंध? संबंध आहे. फार जवळचा आहे.

तीन वर्षांपूर्वी आपल्या भागाचं वेगळं शहर व्हावं म्हणून जी समिती झाली, तिचा मी अध्यक्ष. आठवतं ना? अर्ध्या अंगणांत ‘हो’च्या पाट्या, अर्ध्या अंगणांत ‘नाही’च्या. चर्चमध्ये नवरा एका बाकावर नि बायको दुसऱ्या बाकावर. लोरीन, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. आपले कर आपल्याच रस्त्यांवर खर्च व्हावेत, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होतो. रंगाचा डबा घ्यायला आलेला माणूस पत्रक घेऊनच बाहेर पडायचा. आणि खरं सांगू? पहिला महापौर कोण होणार, हे माझ्या मनात पक्कं होतं. मी नवा टायही घेऊन ठेवला होता. ड्वेन, सध्या तो तुझ्या गळ्यात आहे.

आता शहर म्हटलं की हद्द आली. ती आखून घ्यायला मी मिस व्हर्डेलकडे गेलो. मॉल आत घ्या म्हटलं, घेतला. गोल्फचं मैदान घ्या, घेतलं. मग म्हटलं, “तो ब्रुकहॉलो अपार्टमेंटचा मतदान विभाग आहे ना, चौदा नंबरचा, तो अख्खा बाहेर काढा. सगळे ‘नाही’वाले आहेत तिथे.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “अख्खा, मिस्टर हॉलोमन?”

“अख्खा!”

चार दिवसांनी त्या दुकानात आल्या, बिजागऱ्यांची एक जोडी घेतली आणि जाता जाता म्हणाल्या, “घरी गेलात की तुमचं मतदार ओळखपत्र एकदा बघा बरं.” मी म्हटलं, “बघतो, बघतो.” काय बघणार, कपाळ! माझ्यासारखे लोक गेली कित्येक वर्षं मतदानाच्या दिवसाची वाटच बघत नाहीत. आगाऊ मतदान सुरू झालं की पहिल्याच सकाळी वाचनालयात जायचं, तिथे कुठल्याही केंद्राचा माणूस चालतो, बटण दाबायचं, कोटाला ‘मी मत दिलं’चा स्टिकर लावून घ्यायचा नि गावभर मिरवायचं. आपलं स्वतःचं केंद्र कुठलं, हे कुणाला ठाऊक असतं? मधे विभाग बदलले तेव्हा नवं ओळखपत्र टपालाने आलं होतं म्हणे. ते पिझ्झाच्या कुपनांबरोबर कचऱ्यात गेलं.

तिसऱ्या खेपेला त्यांनी हद्दीचा कागद सहीला पाठवला. मी रकाना भरला नि सही केली. नकाशा विधिमंडळात गेला, मंजूर झाला, सार्वमताची तारीख लागली.

पहिल्या सकाळी मी वाचनालयात हजर. सोबत आपल्या साप्ताहिकाचा फोटोग्राफर. यंत्रासमोर उभा राहिलो नि बघतो तर काय, शहराचा प्रश्नच नाही! पाणीपुरवठा मंडळ आहे, शाळा मंडळ आहे, माझं शहर नाही. मी ओरडलो, “यंत्र बिघडलंय! हा घोटाळा आहे!”

तिथे कामावर होत्या ओराबेल सिम्स. ब्रुकहॉलोत सव्वीस वर्षं राहतात, आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी माझा वाहन परवाना पाहिला, यादी पाहिली आणि इतक्या गोड आवाजात सांगितलं, “ओरडू नका, मिस्टर हॉलोमन. यंत्र चांगलं आहे. तो प्रश्न शहरातल्यांसाठी आहे. तुम्ही नि मी चौदा नंबरवाले, बाहेरचे.”

फोटोग्राफरने फोटो काढलाच. दुकानात गिऱ्हाइकं तो अजून मागतात.

हसा, हसा. शहर झालं. माझं दुकान आत, मी बाहेर. ‘आपले पहिले महापौर’ असा केक मी आधीच सांगून ठेवला होता. लोरीनने त्यावरचं माझं नाव सुरीने खरवडलं नि तोच केक ड्वेनच्या विजयाला नेला. घरचा माणूस आहे, वाया कशाला घालवायचा?

इथवरची गोष्ट तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. पुढची नाही.

माझी फजिती झाल्यावर आमच्या समितीने बोभाटा केला, की नकाशावालीने मुद्दाम घोळ घातला. ते मी म्हटलं नाही. पण खोडूनही काढलं नाही, आणि ते म्हणण्याहून वाईट. चौकशी झाली. मिस व्हर्डेलना विचारलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, “रेषा मी काढली.” अठ्ठावीस वर्षांच्या निष्कलंक नोकरीत त्यांना ठपक्याचं पत्र मिळालं. शुक्रवारी त्यांची फाइल बंद होईल, आणि ते पत्र अजून तिच्यात आहे.

हा तो सहीचा कागद. याची एक प्रत त्यांच्याकडे होती, एक माझ्या दुकानाच्या खणात. इथे पेन्सिलीने, त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलंय, ‘तुमच्या घरासकट?’ आणि खाली माझी सही. मी वाचलंच नव्हतं हो! गिऱ्हाइक उभं होतं.

मग चौकशीत त्यांनी हा कागद पुढे का केला नाही? मला वाटायचं, माझी दया आली असेल. मागच्या महिन्यात खण आवरताना कागद नीट पाहिला तेव्हा कळलं. ‘विभाग वगळण्याचे कारण’ या रकान्यात मी माझ्या हाताने लिहिलंय, ‘भाड्याने राहणारी माणसं. आज आहेत, उद्या नाहीत.’ चौकशी उघड्या सभेत होती. हे वाक्य तिथे मोठ्याने वाचलं गेलं असतं, आणि ब्रुकहॉलोची शंभर माणसं समोर बसली होती. त्यांना ते ऐकावं लागू नये, म्हणून या बाईने ठपका घेतला. माझी दया वगैरे काही नव्हतं.

मला लाज वाटते. शनिवारी हा कागद घेऊन मी आधी सिम्सबाईंकडे गेलो. स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच त्यांनी तो वाचला. मग म्हणाल्या, “मी इथे आले तेव्हा तुमचं घर अजून बांधायचं होतं, मिस्टर हॉलोमन.” आणि कागद माझ्या हाती परत देत, “सगळ्यांसमोर वाचा. पण या वेळी वाचणारे तुम्ही असा.”

वाचलं.

लोरीनने मनगट खाली केलंय, म्हणजे वेळ कधीच संपली. आपण सर्वांनी पुडिंग थांबवून माझं ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर ते पोटात घाला. लिहिण्यात जे गेलं, त्याची क्षमा मी मिस व्हर्डेलची आणि चौदा नंबरच्या माझ्या शेजाऱ्यांची मागतो. ती द्यायची की नाही, हे त्यांच्या हाती.

आणि अध्यक्षबाई, ठपक्याच्या पत्रावर सही आपली होती. ते मागे घेण्याचा अर्ज मी लिहून आणलाय, सोबत हा कागदही जोडलाय. हे घ्या पेन. आपल्याला एकच विनंती, सही करण्याआधी वाचा.